खड्डा रेषेच्या वर आहे

“मॅडम, तुमचा खड्डा पान्यात गेलाय,” शकूरभाई फोनवर म्हणाले. “निम्मा न्हाय, सगळा. लंगोट तरंगायलेत.”

मंगळवार होता. सकाळचे साडेआठ वाजले होते आणि मी सोलापुरात घरी डबा भरत होते. मी म्हणाले, “खड्ड्यात पावसाचं साठलं असेल. बादलीने उपसून टाका.”

“पाऊस कुटं पडलाय हितं? धरन भरलंय. तुमी या.”

शकूरभाई होडीवाले. उजनीच्या बॅकवॉटरमध्ये एक वस्ती आहे, तिला सगळे नुसतं बेट म्हणतात. नकाशात तिला वेगळं नाव आहे, ते कुणी घेत नाही. उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरलं की चिखलाच्या वाटेने ट्रॅक्टर आत जातो. पाणी चढलं की चारी बाजूंनी धरण आणि मध्ये शंभरेक घरं. मग दवाखाना असो नाहीतर दळण, होडीशिवाय इलाज नाही. ती होडी बहुतेक वेळा शकूरभाईंची.

मी पुण्याच्या एका संस्थेची घनकचरा एक्सपर्ट. पदाचं हे नाव मी ठेवलेलं नाही, कॉन्ट्रॅक्टवर तसं लिहिलेलं असतं. आमच्या घरात आजोबांपासून सगळे हातमागावर. मी पहिली कचऱ्यात गेले. आई शेजाऱ्यांना सांगायची, पोरगी इंजिनिअर आहे, आणि तिथेच थांबायची.

बेटावर कचऱ्याचा प्रश्न पूर्वी नव्हता. घरचं शिळंपाकं कोंबड्यांना, शेण-पालापाचोळा उकिरड्यावर, आणि उकिरडा वर्षाने शेतात. मग रोहित पक्षी बघायला लोक यायला लागले. पक्षी बघून भूक लागते म्हणून चिलापी माशाच्या थाळ्या सुरू झाल्या. शनिवार-रविवारी गाड्या काठावर लावून माणसं होडीने आत यायची आणि जाताना बाटल्या, थर्माकोलच्या ताटल्या, कुरकुऱ्यांची पाकिटं, लहान मुलांचे डायपर मागे ठेवून जायची. पारूबाई मला पहिल्याच भेटीत म्हणाली होती, “मॅडम, ही मान्सं पक्षी बघाय येत्यात का हगाय?”

पारूबाई म्हणजे आमची ऑपरेटर. कचरा गोळा करणं, वेगळा करणं, नोंद ठेवणं हे काम करणाऱ्याला आमच्याकडे ऑपरेटर म्हणतात. वय माझ्याएवढंच, पन्नाशीच्या आतबाहेर. नवरा महादेव मासेमारी करायचा आणि गाळपेर कसायचा. गाळपेर म्हणजे धरणाचं पाणी उतरल्यावर उघडी पडलेली गाळाची जमीन. फुकटचं खत बसलेलं असतं, पीक जोरात येतं, पण जमीन सरकारची आणि मुदत पाण्याची. पारूबाईला या कामासाठी मीच तयार केलं होतं. गावातल्या बायका तिला नावं ठेवत होत्या, तेव्हा मी तिच्या ओट्यावर बसून चहा प्यायले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “हे डॉक्टरच्या तोडीचं काम आहे.” ती हसली. “मग डाक्टरला बोलवा की,” म्हणाली. पण दुसऱ्या दिवसापासून कामाला आली.

तिने काम झकास बसवलं. ओलं घरातच जिरत होतं. बाटल्या, पुठ्ठा, पत्रा पोत्यात भरून होडीने टेंभुर्णीच्या भंगारवाल्याकडे. होडीत चढताना शकूरभाई प्रत्येक पर्यटकाच्या हातात रिकामी पिशवी द्यायचे आणि परतताना भरलेली मागायचे. पिशवी रिकामी दिसली की इंजिन बंद करून मधोमध बसून राहायचे. तिसरा प्रकार उरला. डायपर, पॅड, चकचकीत पाकिटं, ज्याला भंगारवालाही हात लावत नाही. याला आम्ही रिजेक्ट म्हणतो. तो पुरून टाकावा लागतो. खाली जाड प्लास्टिक अंथरलेला, वर झाकण असलेला पक्का खड्डा लागतो, आणि त्याचा एकच मोठा नियम आहे. खड्डा धरणाच्या पूर्ण भरलेल्या पाण्याच्या रेषेच्या वर हवा. या रेषेला एफआरएल म्हणतात. धरण गच्च भरलं की पाणी जिथपर्यंत येतं ती रेषा.

ती रेषा कुठे आहे हे कळावं म्हणून जमीन घेताना दगड पुरलेले असतात. मी मे महिन्यात सर्व्हे केला तेव्हा सरपंच नाना मला घेऊन गेले आणि दगड दाखवला. लाल रंग, वर आकडा, सगळं व्यवस्थित. नाना म्हणाले, “ह्याच्या वरच्या अंगाला घ्या जागा. कुनाचीच हरकत न्हाय.” दगडाच्या वर पंधरा पावलं मोजून मी खड्ड्याची आखणी केली. दगडाचा फोटो काढून रिपोर्टात लावला आणि खाली लिहिलं, ‘खड्डा एफआरएल रेषेच्या वर आहे.’ लेव्हल मशीन लावली नाही. ते मशीन तिपाईवर ठेवून दोन जागांच्या उंचीतला फरक काढता येतो. ते पुण्याच्या ऑफिसातून मागवायला आठवडा लागला असता. आमचे मॅनेजर देशमाने सर म्हणाले, “दगड आहे ना? मग मशीन कशाला?” मलाही ते पटलं. पटलं म्हणजे सोयीचं वाटलं.

मंगळवारी दुपारी मी काठावर पोचले. पुण्याकडच्या धरणांतून पाणी सोडलं होतं आणि उजनी काठोकाठ भरली होती. शकूरभाई होडी घेऊन उभेच होते.

खड्डा दिसलाच नाही. दिसली ती पारूबाई, छातीभर पाण्यात. महादेवचं मासे धरायचं जाळं तिने खड्ड्याभोवती चार बांबूंना बांधून गोल फिरवलं होतं, म्हणजे तरंगून वर आलेला माल बाहेर जाऊ नये. ती एका हाताने जाळं धरून दुसऱ्या हाताने फुगलेले डायपर टोपल्यात टाकत होती. हातमोजे फाटलेले. हिवाळ्यात साठलेला सगळा माल आम्ही जूनमध्ये एकदम त्या खड्ड्यात टाकला होता. तो सगळा वर आला होता.

“बाहेर ये आधी,” मी ओरडले.

“आलेच. एवडं घिऊन येते. हिरीकडं जायलंय सगळं.”

विहीर खड्ड्यापासून हाकेच्या अंतरावर होती. बेट तिचंच पाणी प्यायचं. हॉटेलवाले पर्यटकांना जारचं पाणी देत, ते होडीने येई. घरात विहिरीचंच. कठडा पाण्याच्या वर होता, पण पाणी कठड्यावरून जात नाही, मुरमातून झिरपतं. मी बाटलीत नमुना घेतला. ही एक छोटी बाटली असते, आत औषध असतं. विहिरीचं पाणी भरून ठेवायचं. पाण्यात मैला मिसळला असेल तर दीड-दोन दिवसांत काळं होतं. शेंबड्या पोरालाही कळेल इतकी सोपी टेस्ट आहे.

ग्रामपंचायतीत टीसीएलचा डबा होता. टीसीएल म्हणजे विहिरीत टाकायची ब्लीचिंग पावडर. झाकण उघडलं तर तिचा दगड झालेला, वासही उडालेला. मी नानांना म्हणाले, “आजपासून विहिरीचं पाणी बंद.”

“मग प्यायचं काय?”

“उकळून प्या तोवर. जार मागवा.”

“शंभर घरांला जार? होडीनं?” नाना म्हणाले. “तालुक्याचा कागद आना, मॅडम. हीर बंद म्हनून कागद आला की टँकर येतो काठाला. कागदाबिगर कोन इचारतंय आमाला?”

बरोबर होतं ते. परत येताना होडीत मी शकूरभाईंना विचारलं, दगड असताना पाणी वर आलंच कसं. त्यांनी इंजिन मंद केलं.

“मॅडम, हितला दगड चालतो की.”

“म्हणजे?”

“पानी उतरलं की लोक गाळपेर करत्यात. दगडाच्या वर ती आपली, दगडाच्या खाली ती सरकारची. मग दगड खाली न्यायचा. दोन-चार वर्सांनी थोडा थोडा. बैल लावून. लई वर्सं झाली, समद्या बेटाला ठाऊक हाय. मधी दोन वर्सं धरन भरलं न्हाय, म्हनून कुनाचं काई बिगडलं न्हाय.”

“आणि मला कुणीच सांगितलं नाही?”

“पारूबाई म्हनली न्हाय का तुमाला? मी तितंच हुतो. म्हनली, मॅडम खड्डा आनी वर घ्या. तुमी म्हनला, का? ती नानाकडं बघितली आनी म्हनली, असंच, वास येतो.”

म्हणाली होती. मी तिला झाकणाबद्दल, वास कसा कोंडतो याबद्दल चांगलं दहा मिनिटं लेक्चर दिलं होतं. नाना मान डोलवत होते. वरची जमीन ज्याची त्याची होती, कचऱ्याला कोण देणार? आणि इथे पाणी येतं असं म्हटलं की दगड खोटा ठरणार, दगड खोटा ठरला की गाळपेर जाणार. शकूरभाई पुढे म्हणाले, “आमाला वाटलं, तुमी शिकलेली मानसं. मशीन लावून बघितलं असंल.”

बुधवारी सकाळी मी तालुक्याच्या आरोग्य अधिकाऱ्यांना फोन केला. तरुण डॉक्टर, वाईट माणूस नव्हता. म्हणाला, “मॅडम, विहीर बंद करायला मला कारण लिहावं लागतं. माझ्यासमोर तुमचाच रिपोर्ट आहे. खड्डा रेषेच्या वर आहे, प्लास्टिक अंथरलेलं आहे, विहिरीला धोका नाही. खाली सही तुमची आहे.”

“तो चुकीचा आहे.”

“तसं लिहून द्या. दुसऱ्या मिनिटाला ऑर्डर काढतो.”

मी देशमाने सरांना फोन लावला. ते शांतपणे बोलतात, हा त्यांचा गुण आहे आणि तोच वाईट आहे.

“लिहून द्यायची घाई करू नका,” ते म्हणाले. “सर्व्हे चुकला असं आपणच लिहिलं तर बाकीच्या गावांचे सर्व्हेही उघडतील. नमुना घेतलाय ना? रिझल्ट येऊ दे. दोन दिवसांनी काय होणार आहे?”

“लोक पाणी पितायत, सर.”

“तुम्ही सांगितलंय ना त्यांना उकळायला? मग झालं की.”

मी पत्र लिहिलं नाही. हे लिहिताना मला स्वतःची चीड येते. मी त्यांना दोष देऊ शकते, पण पेन माझ्या हातात होतं. मला भीती कशाची होती? काम जाईल याची होती. त्याहून जास्त, तेवीस वर्षांत माझा एकही सर्व्हे चुकला नाही असं मी ट्रेनिंगमध्ये सगळ्यांना सांगायचे, त्याची होती. बुधवार असा गेला. टीसीएलची ताजी पावडर टेंभुर्णीच्या दुकानात मिळाली असती. तीही मी नेली नाही. काम सरकारी पद्धतीने व्हायला पाहिजे असं स्वतःला सांगत राहिले.

गुरुवारी सकाळी उठून बाटली बघितली. पाणी शाईसारखं काळं झालं होतं. मी फोटो काढून सरांना पाठवला. त्यांचं उत्तर आलं, ‘ही फील्ड टेस्ट आहे. लॅबचा रिपोर्ट हवा.’ मी तेही ऐकलं. नमुना लॅबला दिला.

दुपारी शकूरभाईंचा फोन. “पाच-सहा घरात उलट्या-जुलाब चालू झाल्यात. पारूबाई लई खराब हाय.”

“तिला आत्ताच्या आत्ता टेंभुर्णीला आणा.”

“वारं सुटलंय, मॅडम. लाटा बघा आनी मग बोला. होडी निगंना.”

बॅकवॉटरला लोक तलाव समजतात. वारं सुटलं की त्याचा समुद्र होतो. मी फोनवर सांगत होते, मीठ-साखरेचं पाणी द्या, थांबू नका, घोट घोट देत राहा. महादेवने फोन घेतला. “देतोय, ऱ्हाईना पोटात,” म्हणाला. मी विचारलं, पाणी उकळलेलं आहे ना. तो म्हणाला, “हिरीचंच हाय. ती म्हनली, मॅडम बाटलीत पानी घिऊन गेल्यात, खराब असतं तर हीर बंद केली असती. सरपन धरनाच्या पान्यानं भिजलंय, उकळाय कुटं बसता.”

पारूबाईने माझ्यावर विश्वास ठेवला होता, हे तिचं चुकलं.

शुक्रवारी पहाटे वारं पडलं. शकूरभाई आणि महादेव तिला होडीत घालून निघाले. काठावर ॲम्ब्युलन्स उभी होती. टेंभुर्णीच्या दवाखान्याच्या दारात ती गेली. मी सोलापूरहून पोचले तेव्हा तिला स्ट्रेचरवरून खाली घेत होते. हाताची बोटं सुरकुतली होती, खूप वेळ पाण्यात राहिल्यावर होतात तशी. शरीरातलं सगळं पाणी गेलं की असं होतं, हे मला पुस्तकातून माहीत होतं. महादेव भिंतीला टेकून बसला होता. मी त्याच्याजवळ गेले नाही. माझी छातीच झाली नाही.

शनिवारी सकाळी मी पत्र लिहिलं. एक पान. खड्ड्याची जागा ठरवताना लेव्हल घेतली नाही, दगड मूळ जागेवर नाही, खड्डा पूर्ण पाण्याच्या रेषेच्या खाली आहे, विहीर दूषित आहे, चूक माझी आहे. देशमाने सरांना विचारलं नाही. डॉक्टरांना स्वतः नेऊन दिलं. त्यांनी वाचलं आणि तिथेच ऑर्डर लिहायला घेतली. दोन तासांत विहिरीला पत्रे ठोकले गेले. संध्याकाळी काठावर टँकर आला, होड्यांतून पिंपं आत गेली, ताजी पावडर आली, डॉक्टरांची टीम आली. आणखी चौदा जण आजारी होते, सगळे वाचले. विहीर बंद व्हायला दोन तास लागले. मंगळवारीही दोनच लागले असते.

पुढचं सांगायला फार वेळ लागत नाही. धरणाच्या ऑफिसची माणसं मशीन घेऊन आली. दगड मूळ जागेपासून इतका खाली सापडला की दोन्ही जागांच्या उंचीत माझ्या डोक्यावरून पाणी जाईल एवढा फरक निघाला. दगड परत वर गेला. बारा-तेरा घरांची गाळपेर गेली आणि बेटावर माझ्याशी बोलणं बंद झालं. देशमाने सरांनी शेवटच्या रिपोर्टात लिहिलं होतं, ‘स्थानिक ऑपरेटरने सुरक्षा नियम पाळले नाहीत.’ मेलेल्या माणसाचं नाव लावलं की फाइल लवकर मिटते. ते वाक्य काढल्याशिवाय सही करणार नाही म्हणून मी अडून बसले. वाक्य निघालं, आणि त्याबरोबर माझं कॉन्ट्रॅक्टही. पाणी उतरल्यावर जुना खड्डा मी स्वतः जाऊन उपसून घेतला. त्या कामाला मला कुणी बोलावलं नव्हतं.

नव्या खड्ड्याला वरची जमीन कुणी देईना. शेवटी महादेवने दिली, घरामागची. पारूबाईचं कामही आता तोच करतो. गल्लीतल्या बायका त्याला नावं ठेवत नाहीत, त्यांना आता त्या कामाची भीती वाटते.

भाड्याने आणलेल्या मशीनने नव्या खड्ड्याची लेव्हल घेऊन झाल्यावर मी त्याच्या ओट्यावर बसले. पिशवीतून दोन कागद काढले. एक मे महिन्याचा रिपोर्ट, एक माझं पत्र. त्याला वाचता येत नाही. म्हटलं, “तुला वाचून दाखवायचं आहे.” आणि दोन्ही वाचले, तारखांसकट. दगड हललाय हे मला कधी कळलं, तेही सांगितलं.

तो बोटांवर वार मोजत राहिला.

“म्हंजी मंगळवारीच तुमाला ठाऊक झालं हुतं.”

“हो.”

“आनी कागद शनवारी.”

“हो.”

मी वाट बघत होते. त्याने मला शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. 

“मागच्या टायमाला दगडाला बैल माजेच लावले हुते,” तो म्हणाला. “तिनं तुमाला वर घ्या म्हनून सांगितलं, त्या राती मी तिला गप बस म्हनलो. तुमाला मंगळवारी कळलं. मला मे म्हैन्यापासनं ठाऊक हुतं.”

मी दोन्ही कागद घडी करून पिशवीत ठेवले. तो उठून कामाला लागला.

आता मी कुठल्याही खड्ड्याआधी लेव्हल लावते. त्याला अर्धा दिवस लागतो.